रीगात तोंड उघडताना

लात्व्हिया देशाच्या राजधानीला, रीगाला, चार दिवस फिरायला जाणाऱ्याला लात्व्हियन शिकायची काही गरज नाही, हे आधीच सांगून टाकते. विमानतळ, हॉटेल, म्युझियमची तिकीट खिडकी, कॉफीची दुकानं, सगळीकडे इंग्रजीवर भागतं. तिशीच्या आतली पोरं तर आपल्यापेक्षा सफाईदार इंग्रजी बोलतात. तरी मी निघण्याआधी वही-पेन्सिल घेऊन बसले. भाचा तिथे इंजिनिअरिंग शिकतो, त्याला हे फारसं पटलं नव्हतं. "मावशी, कशाला डोक्याला ताप करून घेतेस? मी आहे ना," म्हणाला. भाच्यांनी असं म्हणायचं असतं आणि मावश्यांनी ते ऐकायचं नसतं.

प्रवाशांसाठीच्या वाक्यांच्या पुस्तिका मला नेहमी थोड्या भित्र्या वाटतात. माझं पाकीट चोरीला गेलं, मला डॉक्टर हवा आहे, दूतावास कुठे आहे. देव करो आणि यातलं एकही वाक्य लागू नये. लागलंच तर त्या वेळी पुस्तिका उघडायचं भान कोणाला असतं? ११२ फिरवायचा. शिवाय या पुस्तिकांत सगळी वाक्यं आपण म्हणायची असतात. खरी फजिती होते ती समोरचा आपल्याला काय म्हणतो ते न कळल्यामुळे. रीगाच्या सुपरमार्केटात रोज ऐकू येतं ते "माय्सिन्यु वायाग?" म्हणजे पिशवी हवी का? मग "आर कार्ति?", कार्डानं देणार का? बाजारात "विस्स?", झालं एवढंच? ट्राममध्ये "नाकामा पिएतुरा", म्हणजे पुढचा थांबा, आणि मग थांब्याचं नाव. ही चार कानांत बसली की निम्मं परकेपण संपतं. ती बोलता आली नाहीत तरी चालतं. उत्तराला "या" आणि "ने" पुरतात. हो म्हणजे "या", नाही म्हणजे "ने". पिशवी हवी का विचारलं की मराठी माणसानं आपलं "या, या" म्हणावं.

आता उच्चारांचं. इथे मराठी माणसाला जो फायदा आहे तो इंग्रजाला नाही, हिंदीवाल्यालाही नाही, आणि तो आपल्याला कुणी सांगतही नाही. लात्व्हियनमध्ये च दोन आणि ज दोन, अगदी आपल्यासारखेच. रोमन लिपीतलं 'सी' हे अक्षर तिथे 'चमचा'तल्या पहिल्या च सारखं वाजतं, आणि त्याच अक्षरावर छोटं टोपण दिलं की 'चिंच'मधला च होतो. 'जुना'तला ज वेगळा लिहितात आणि 'जीव'मधला वेगळा. आपण शाळेत दंततालव्य वगैरे पाठ करतो आणि विसरतो, पण जीभ विसरत नाही. अडचण येते ती एकाच ठिकाणी. आपल्याकडे इकार लागला की च सहसा तालव्य होतो, म्हणून चमचा आणि चमचीतला शेवटचा च एकसारखा वाजत नाही. लात्व्हियनला तसलं बंधन नाही. "त्सिक तास माक्साऽ?" म्हणजे याची किंमत काय. या 'त्सिक'साठी चमच्यातला च पकडून त्याला जबरदस्तीनं इकार लावावा लागतो. दोन दिवस जीभ कुरकुरते, मग जमतं.

वर मी 'माक्साऽ' असं अवग्रह घालून लिहिलं, त्यालाही कारण आहे. त्यांच्या भाषेत आ ऱ्हस्वही असतो आणि दीर्घही. दीर्घ स्वरावर आडवी रेघ येते. इ-ई, उ-ऊ आपल्याकडे आहेतच, पण ऱ्हस्व आ देवनागरीत लिहायची सोय नाही. अ म्हटलं तर कमी पडतो, आ म्हटलं तर लांबतो. हा बारकावा सोडून देण्यासारखा नाही. 'काझास' म्हणजे बकऱ्या, 'काऽझास' म्हणजे लग्न. एखाद्या घरी लग्नाची चौकशी करताना हे लक्षात ठेवलेलं बरं. शहराचं नावही तसंच. 'रीगा' म्हणजे रीगा, आणि शेवटचा आ लांबवून 'रीगाऽ' म्हटलं की 'रीगात'. आपण प्रत्यय जोडतो, ते स्वर ओढतात. रीगाहून म्हणजे 'नुओ रीगास', रीगाकडे म्हणजे 'उझ रीगु'. इंग्रज प्रवासी यावर फार कण्हतात, सात विभक्त्या म्हणे. ज्यांनी प्रथमा ते संबोधन असा तक्ता घोकून मार खाल्ला आहे त्यांनी कण्हायचं कारण नाही. आपल्या तर आठ.

आघाताचा नियम सोपा आहे, जोर शब्दाच्या पहिल्या अक्षरावर. ही सवय शेजारच्या लिव्होनियन लोकांकडून आली असं मानतात. त्यांची भाषा फिनिश-एस्टोनियनच्या कुळातली, किनाऱ्यावरच्या कोळ्यांची. ती जन्मभाषा म्हणून बोलणारी शेवटची बाई २०१३ मध्ये कॅनडात वारली. भाषा गेली, पण दुसऱ्याच्या तोंडात जोर कुठे द्यायचा ते ठरवून गेली. गंमत अशी की प्रवाशाला सर्वांत जास्त लागणारे दोन शब्दच नेमके या नियमाबाहेरचे. "लाब्दिएन" म्हणजे नमस्कार, शब्दशः शुभ दिवस, आणि "पाल्दिएस" म्हणजे आभार. दोन्हींत जोर 'दिएन'वर, 'दिएस'वर. "लूद्झु" हा मात्र नियमानं चालतो, आणि त्याचं पोट मोठं आहे. कृपया, घ्या ना, त्यात काय एवढं, काय म्हणालात, सगळं त्यात मावतं. त्यातला द्झु म्हणजे 'जुना'तला जु.

माणसाला हाक मारताना तू आणि तुम्ही हा भेदही आहे, 'तु' आणि 'यूस'. अनोळखी माणसाला 'यूस'च. मित्रमंडळी एकमेकांना "चाव" म्हणतात, तेच भेटताना आणि तेच निघताना. निघायचा दुसरा घरगुती शब्द आहे "आताऽ". भाच्याच्या शेजारची छोटी पोरगी जिन्यातून हात हलवत "आताऽ" म्हणायची आणि मी दरवेळी वळून बघायची, आता काय म्हणून. मोठ्यांशी बोलताना मात्र "उझ रेद्झेशानुओस" एवढं सगळं म्हणावं लागतं, पुन्हा भेटूच अशा अर्थानं.

संस्कृतशी असलेल्या नात्याबद्दल लोक फार विचारतात, म्हणून तेही. पाणी म्हणजे 'ऊदेन्स', उदक आठवा. धूर 'दूमि', दार 'दुर्विस', मध 'मेदुस', देव 'दिएव्स', दिवस 'दिएना'. मी आहे म्हणजे 'एस्मु', संस्कृतातलं अस्मि. यावरून लात्व्हियन संस्कृतातून निघाली असे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे निष्कर्ष काढू नयेत. दोघींची पणजी एक, एवढंच त्यातून निघतं. बाल्टिक शाखेत आज जिवंत उरल्यात त्या लात्व्हियन आणि लिथुएनियन, जुनी प्रशियन अठराव्या शतकातच संपली. पण या नात्याचा बाजारात उपयोग होतो. व्हिएन्स, दिवि, त्रीस, चेत्रि, पिएत्सि, सेशि, सेप्तिन्यि, आस्तुओन्यि, देविन्यि, देस्मित. दोनदा मोठ्यानं म्हणून बघा, सप्त-अष्ट-नव-दश मागून डोकावतात. फक्त 'त्रीस' म्हणजे तीन हे विसरायचं नाही. कान त्याचे परस्पर तीस करून टाकतो आणि हात खिशातून जास्तीची नोट काढतो.

बाजार म्हणजे सेंट्रालतिर्गुस. रेल्वे स्टेशनाच्या मागे, दौगावा नदीच्या अंगाला पाच प्रचंड कमानदार शेड. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन झेपेलिनांच्या, म्हणजे वायू भरलेल्या उडत्या जहाजांच्या, हँगरचे सांगाडे वापरून त्या बांधल्या आणि १९३० मध्ये बाजार सुरू झाला. मासळी, मांस, दूध, भाजी असे विभाग वेगवेगळे. भाजीच्या शेडमध्ये आंबवलेल्या कोबीचे आणि खारवलेल्या काकड्यांचे पिंपच्या पिंप मांडलेले असतात. तिथे एका साठी-पासष्टीच्या बाईपुढे मी उभी होते. ती माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाशी रशियनमध्ये बोलत होती, शेजारणीशीही रशियनच. माझी पाळी आली आणि मी "लाब्दिएन" म्हटलं. ती क्षणभर थांबली, हातमोजा नीट केला आणि लात्व्हियनमध्ये "लाब्दिएन" म्हणाली. मग चिमट्यानं काकडीचा तुकडा उचलून माझ्यापुढे धरला. मी किंमत विचारली. "दिवि पिएत्सदेस्मित." दोन पन्नास. मला कळलं, आणि मला कळलं हे तिला कळलं. भाचा नंतर म्हणाला, "मावशी, तिलाही ती भाषा शिकावीच लागलीय. तुम्ही दोघी परक्या भाषेत बोलत होतात."

रीगात पहिला शब्द कोणत्या भाषेतला निघतो याला वजन आहे, ते इथे. इंग्रजीत सुरुवात केली तर तुम्ही प्रवासी, विषय संपला. रशियनमध्ये केली तर समोर कोण आहे यावर सगळं अवलंबून. त्यामागे इतिहास आहे आणि तो फार जुना नाही. १९१८ मध्ये स्वतंत्र झालेला देश १९४० मध्ये सोव्हिएत संघानं गिळला. जून १९४१ मध्ये आणि मार्च १९४९ मध्ये हजारो कुटुंबं गुरांच्या डब्यांत भरून सायबेरियाकडे पाठवली. एकट्या १९४९ च्या त्या खेपेत ४२,००० हून जास्त माणसं गेली. त्यानंतरच्या दशकांत कारखान्यांसाठी आणि सैन्यासाठी बाहेरून लोक येत राहिले. १९८९ च्या जनगणनेत देशातले लात्व्हियन कसेबसे ५२ टक्के उरले होते, आणि रीगात तर ते अल्पसंख्य. त्याच वर्षी, २३ ऑगस्टला, एस्टोनियातल्या टालिनपासून रीगामार्गे लिथुएनियातल्या व्हिल्नियसपर्यंत सुमारे २० लाख माणसांनी स्वातंत्र्यासाठी हातात हात धरून साखळी केली. स्वातंत्र्य परत मिळालं, लात्व्हियन ही एकमेव राज्यभाषा झाली. रशियनला दुसऱ्या राज्यभाषेचा दर्जा द्यावा का, यावर फेब्रुवारी २०१२ मध्ये सार्वमत झालं. चारांतल्या जवळजवळ तिघांनी नाही म्हटलं. २०२३ च्या सप्टेंबरपासून रशियन माध्यमाच्या शाळाही टप्प्याटप्प्यानं लात्व्हियनकडे वळवल्या.

हे वाचताना मराठी माणसाचे कान टवकारणारच. रिक्षात बसल्यावर पहिलं वाक्य मराठीत टाकायचं की हिंदीत, हा हिशेब मुंबईत राहिलेल्या माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. पण तुलना इथेच थांबवावी. आपण आठ कोटींच्या वर आहोत. लात्व्हियन जन्मभाषा असलेले जगात सुमारे १५ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची वस्ती जवळपास तेवढी होती. माझ्या गावाएवढी माणसं मिळून एका भाषेतली वर्तमानपत्रं, विद्यापीठं, संसदेतली भांडणं आणि औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना सगळं चालवतात. तिथे पाहुणीनं तोडकंमोडकं का होईना 'लाब्दिएन' म्हटलं की त्याची नोंद होते. त्या बाजारवाल्या बाईच्या बाजूनं विचार केला तर गुंता आणखी वाढतो. ती बहुधा जन्मापासून याच शहरात राहिली असेल. तिच्याशी रशियनमध्ये बोलणं हा अपमान नाही, लात्व्हियनमध्ये बोलणं हा उपकार नाही. प्रवाशानं कुणाची बाजू घ्यायला तिथे जाऊ नये. पण घराच्या दारावर ज्याचं नाव आहे त्याच्या भाषेत नमस्कार करावा, असं मला वाटतं, आणि मग समोरचा ज्या भाषेत वळेल तिकडे वळावं.

नमस्काराला उत्तर म्हणून हसू येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. हे लोक मितभाषी आहेत, आणि त्यांना त्याचं कौतुकही आहे. लंडनच्या २०१८ च्या पुस्तकमेळ्यात त्यांनी आपल्या साहित्याची जाहिरातच 'मी अंतर्मुख' या व्यंगचित्रांतून केली होती. लिफ्टमध्ये शेजारी भेटला तर "लाब्दिएन" म्हणायचं आणि मग आकड्यांकडे बघत उभं राहायचं. आपल्याकडे तेवढ्यात मुलाचा पगार विचारून झाला असता.

बोलणं कमी, पण जे बोलतात त्यात लाडिकपणा किती! कुठल्याही नामाला लडिवाळ शेपूट लावतात. सूर्य 'साउले', तर लाडाचा 'साउलीते'. आई 'मामिन्या', पाव 'माय्झीते', कॉफी 'काफियिन्या'. सुपरमार्केटातली 'माय्सिन्यु'सुद्धा नुसती पिशवी नव्हे, पिशवुली. चेहरा दगडी आणि तोंडात पिशवुली. सोनुली-चिमुकली करणाऱ्या मराठी माणसाला याचं नवल वाटू नये, पण आपण हे लेकराबाळांसाठी राखून ठेवतो, ते कॉफीलाही लावतात.

या लाडिक रूपांचं माहेर म्हणजे दाइना, त्यांची लोकगीतं. बहुतेक चार ओळींची, बायकांनी रचलेली आणि बायकांनी जपलेली. लग्नाची, पाळण्याची, मरणाची, आणि जात्यावरचीसुद्धा. भल्या पहाटे हातानं धान्य दळताना त्या गात. हे ऐकलं आणि मला तिथल्या जुन्या घरातलं दगडी जातं बघायची घाई झाली. क्रिश्यानिस बारोन्स नावाच्या माणसानं (१८३५–१९२३) ही गीतं गोळा केली. लोक चिठ्ठ्यांवर लिहून पाठवत आणि तो त्या वर्गवारीनं लावत असे. त्यासाठी त्यानं १८८० मध्ये मॉस्कोत खास खणांचं कपाट बनवून घेतलं. १८९४ ते १९१५ या काळात संग्रहाचे खंड निघाले, त्यांत सुमारे २,१८,००० गीतं आहेत. ते कपाट आज दौगावाच्या पलीकडच्या काठावर, २०१४ मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. अरुंद खण, आत बारीक अक्षरातल्या पट्ट्या. युरो येण्याआधी शंभर लात्सच्या नोटेवर या म्हाताऱ्याचं दाढीवालं चित्र असे. सेनापती नाही, राजा नाही, बायकांच्या ओव्या वेचणारा माणूस, आणि तोही शंभराच्या नोटेवर! मला त्या देशाविषयी जो काही आदर वाटतो त्यातला बराचसा इथून आलेला आहे.

पोटापाण्याची वाक्यं राहिली. शाकाहारी माणसानं "एस नेएदु गाल्यु", मी मांस खात नाही, एवढ्यावर थांबू नये. कारण त्यावर "झिविस?" म्हणजे मासे चालतील का, असं हमखास विचारतात. तेव्हा "बेझ गाल्यास, बेझ झिवीम" असं एका दमात सांगावं. 'बेझ' म्हणजे शिवाय. 'आर' म्हणजे सह, आणि पदार्थाच्या नावात 'आर स्पेक्यि' दिसलं तर डुकराची चरबी आहे. त्यांचे प्रसिद्ध करडे वाटाणे त्यावाचून सहसा येत नाहीत. नाताळात ते घरोघरी शिजतात. वाटाणे दिसायला आपल्या उसळीचे जातभाई, म्हणून गाफील राहायला होतं. खुशाल खावं असं म्हणजे राईचा काळा पाव, 'रुप्य्माय्झे', आणि 'बिएझ्पिएन्स', पाणी काढलेलं दाणेदार दही-पनीर. जूनमध्ये गेलात तर शहाजिरं घातलेलं 'यान्यु सिएर्स' हे चीज. २३ जूनच्या रात्री शेकोटी पेटवून ते बियरबरोबर खातात. पेला उचलताना "प्रिएकाऽ", बिल मागताना "रेक्यिनु, लूद्झु".

पाट्यांचं थोडक्यात. दारावर 'ग्रूस्त' म्हणजे ढकला, 'विल्क्त' म्हणजे ओढा. 'इएएया' आत, 'इझेया' बाहेर. औषधाचं दुकान 'आप्तिएका'. स्वच्छतागृहावर नुसतं रोमन 'एस' असेल तर बायकांचं, 'व्ही' असेल तर पुरुषांचं. समोरचा भरभर बोलायला लागला तर "लेनाक, लूद्झु", जरा सावकाश. हे वाक्य पुस्तिकांत फार मागे छापतात, खरं तर पहिल्या पानावर हवं.

भाच्याचं लात्व्हियन माझ्यापेक्षा निराळं आहे. शिकता शिकता तो संध्याकाळी जेवणाचे डबे पोचवतो. भारतातून तिथे गेलेली बरीच मुलं हेच करतात. त्यामुळे त्याला 'कितवा मजला', 'दाराचा कोड सांगा', 'दारापाशी ठेवा' हे तोंडपाठ, पण हवामानावर दोन वाक्यं बोलता येत नाहीत. अलीकडे भाषेच्या वर्गात जाऊन तो विभक्त्या शिकतोय. त्याच्या नावालाही विभक्ती लागते. पुरुषाच्या नावाला सहसा शेवटी 'स्' हवा, त्याशिवाय ते वाक्यात नीट बसत नाही. त्यामुळे विल्यम शेक्सपिअर तिथे विल्याम्स शेक्स्पीर्स होतो आणि एखादा रोहित रोहित्स. परकी नावंही ते आपल्या उच्चाराप्रमाणे लिहितात, आपण देवनागरीत लिहितो तसंच. बहिणीला आधी ते मुळीच आवडलं नव्हतं, पोराचं नाव बदललं म्हणून. आता ती फोनवर स् लावूनच चिडवते.

त्या नावाचा आणखी एक प्रकार आहे. तिथे कॅलेंडरात रोजच्या तारखेला काही नावं नेमलेली असतात, आणि आपलं नाव असेल त्या दिवशी नामदिवस साजरा करतात, वाढदिवसाइतकाच. फुलं आणायची तर विषम संख्येत, सम संख्येची फुलं मयताला. ज्यांची नावं कॅलेंडरात कुठेच नाहीत त्यांच्यासाठी २२ मे ही तारीख राखून ठेवली आहे. म्हणजे आपल्याकडची झाडून सगळी मुलं एकाच दिवशी. नामदिवसाला आमंत्रण द्यायची पद्धत नाही, ज्यांच्या लक्षात असेल ते येतात आणि आपण घरात काहीतरी तयार ठेवायचं. यंदा वर्गातल्या दोघांनी त्याला "बाविसाव्या तारखेला घरी आहेस ना?" असं विचारून ठेवलंय. काल त्याचा फोन होता. किती जण येतील सांगता येत नाही, शिरा केला तर रवा किती घेऊ, आणि बिनअंड्याचा आहे हे त्यांना लात्व्हियनमध्ये कसं सांगू. रव्याचं मी सांगितलं. दुसऱ्यासाठी वही काढली, "बेझ ओलाम", म्हटलं, फक्त ओ म्हणताना आधी उ लाव.